फोनो स्टेजमधली तडतड, काळे पडलेले पाय आणि लो-नॉइज ट्रान्झिस्टरची शोधाशोध

जुनीखोकी

नमस्कार मंडळी. सत्तरच्या दशकातला एक इंटिग्रेटेड अँप्लिफायर सध्या टेबलावर उघडा पडलाय. मेकरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ती कंपनी बरी की ही, यावरच पन्नास प्रतिसाद पडतील.

ऑक्स आणि ट्यूनर ठणठणीत वाजतात. सिलेक्टर फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) नेला की डाव्या स्पीकरमधून तडतड सुरू. त्यासाठी रेकॉर्ड लावायचीही गरज नाही. नुसती सळसळ असती तर चालवून घेतलं असतं. हे वेगळंच आहे. पाच-दहा सेकंद शांत, मग टप्, मग टप्-टप्-टप्, मग मधेच एकदा 'भुस्स' आणि पुन्हा शांत. कढईत लाह्यांचे उरलेसुरले दाणे शेवटी फुटतात ना, अगदी तसं. व्हॉल्यूम कमी केला की तडतडही कमी होते.

फोनो बोर्डवर दर चॅनेलला दोन, असे एकूण चार २एससी४५८ ट्रान्झिस्टर आहेत. ते आता बनत नाहीत. शोधाशोध केली तर तीन नावं पुन्हापुन्हा समोर आली: २एससी२२४०, बीसी५५०सी आणि २एसके१७०. तिघांच्याही नावापुढे 'अल्ट्रा लो नॉइज'. यातला कुठला घालू? एक मित्र म्हणतो, जुनं ते सोनं, मूळ नंबरचाच जुना स्टॉक मिळव आणि तोच बसव.

दुसरा प्रश्न याच धाग्यात विचारून घेतो. माझ्याकडे एक जुना एसी मिलिव्होल्टमीटर आहे. सर्वात खालच्या रेंजवर त्याचा काटा शून्यावर येतच नाही, थरथरत राहतो. आतल्या पहिल्या ट्रान्झिस्टरवर असा काही आकडा आहे की तो कुठल्याच डेटाबुकात सापडत नाही.

डाखवाला

काय घालू हे नंतर. आधी काय काढायचं ते ठरव. मी कितीतरी बोर्ड असे पाहिलेत की मालकाने आठच्या आठ ट्रान्झिस्टर बदलले आणि तडतड करत होता तो कलेक्टरचा (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक, बाकीचे बेस आणि एमिटर) जुना कार्बन रेझिस्टर.

एक, त्या चारही ट्रान्झिस्टरचे पाय बघ. बोर्डाला अगदी चिकटलेले असतील तर भिंगाने बघ. पायांवरचा मुलामा काळा पडलाय का? २एससी४५८ याबद्दल बदनाम आहे. पाय काळे आणि आवाज असा, ही जोडी दुरुस्ती करणाऱ्यांनी इतक्यांदा पाहिलीय की मी तर पाय बघूनच अर्धा निकाल लावतो. पण अर्धाच.

दोन, डाव्या चॅनेलचा पहिला ट्रान्झिस्टर काढून उजव्यात घाल आणि उजव्याचा डाव्यात. तडतड उजवीकडे गेली तर गुन्हेगार सापडला. डावीकडेच राहिली तर ट्रान्झिस्टर निर्दोष आहे, रेझिस्टर किंवा कपॅसिटरच्या मागे लाग. नवीन काहीही विकत न आणता होणारी ही सर्वात भरवशाची परीक्षा. एकच काळजी घे, त्या काळच्या बोर्डांची तांब्याची पट्टी उष्णतेने पटकन उचलली जाते. आधी थोडं नवीन सोल्डर लाव, जुन्यात मिसळू दे, मग पंपाने ओढ. नुसतं तापवत बसू नकोस.

तीन, गोठवणाऱ्या स्प्रेचा बारीक फवारा एकेका ट्रान्झिस्टरवर मार. आजारी असेल तो थंड झाल्यावर वागणूक बदलतो: एकतर गप्प होतो, नाहीतर जास्तच बडबडतो.

कोपऱ्यातला श्रोता

वाचतोय. माझ्याकडेही असाच एक रोगी आहे.

जुनीखोकी

डाखवाला काका, पाय काळे म्हणजे काजळ घातल्यासारखे काळे! चारही. वरून दिसत नव्हते, आरसा घालून बघितले.

अदलाबदल केली. तडतड उजवीकडे गेली. डावीकडे आता फक्त बारीक सळसळ. म्हणजे पहिलाच ट्रान्झिस्टर. स्प्रे मारल्यावर साधारण अर्धा मिनिट गप्प बसला, मग हळूहळू परत सुरू.

आता तरी सांगा, काय घालू?

नॅनोव्होल्ट

'अल्ट्रा लो नॉइज' हे शब्द डोक्यातून काढून टाका, मग उत्तर सोपं आहे. ट्रान्झिस्टरचा नॉइज हा एक आकडा नसतो, दोन असतात: व्होल्टेज नॉइज आणि करंट नॉइज. कुठला त्रास देईल हे ट्रान्झिस्टर ठरवत नाही, त्याच्यापुढे काय जोडलंय ते ठरवतं.

आधी मोजपट्टी घेऊ. कुठलाही रोध नुसता पडून असला तरी उष्णतेमुळे आवाज करतो. जॉन्सनने १९२८ मध्ये हे मोजून दाखवलं आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमचा हा नॉइज सुमारे ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, ५० ओहमचा सुमारे ०.९. हे दोन आकडे पाठ असले की बाकी सगळं तोंडी काढता येतं.

बायपोलर (म्हणजे तुझ्या २एससी४५८ सारख्या साध्या) ट्रान्झिस्टरचा व्होल्टेज नॉइज दोन गोष्टींनी बनतो. पहिली म्हणजे बेसच्या आतला रोध. दुसरी म्हणजे एमिटरच्या अंगभूत रोधाचा अर्धा भाग. हा अंगभूत रोध १ मिलिअँपिअरला साधारण २६ ओहम असतो, ०.१ मिलिअँपिअरला २६०. म्हणून करंट वाढवला की व्होल्टेज नॉइज उतरतो. समजा बेसचा रोध ४० ओहम आहे. १ मिलिअँपिअरला ०.९४ नॅनोव्होल्ट येतात, ०.१ मिलिअँपिअरला १.७.

मग सरळ करंट वाढवून टाकावा? तिथेच गोची आहे. बेसमधून जाणाऱ्या करंटचाही नॉइज असतो आणि तो करंटबरोबर वाढतो. एचएफई (बेसचा करंट किती पट होऊन कलेक्टरला येतो तो आकडा) ४०० धरलं तर १ मिलिअँपिअरला करंट नॉइज ०.८९ पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ होतो, ०.१ मिलिअँपिअरला ०.२८. हा करंट पुढे जोडलेल्या कार्ट्रिजमधून (रेकॉर्डवरची सुई जिला असते ती डबी) वाहतो आणि त्याच्या इम्पिडन्सने (एसीला होणाऱ्या रोधाने) गुणला जाऊन व्होल्टेज बनून परत येतो.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज म्हणजे साधारण ५०० मिलिहेन्रीचं वेटोळं. १ किलोहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स ३ किलोओहम, १० किलोहर्ट्झला ३१ किलोओहम. म्हणजे सळसळ जिथे कानाला सर्वात जास्त टोचते, तिथेच करंट नॉइजचा गुणाकार सर्वात मोठा. १ मिलिअँपिअरवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचे तिथे २७-२८ नॅनोव्होल्ट होतात. ०.९४ नॅनोव्होल्टची फुशारकी गेली वाहून.

तुझ्या सर्किटमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर रोध केवढा आहे आणि त्यावर किती व्होल्ट पडतात ते मोजून सांग.

जुनीखोकी

१५० किलोओहम. त्यावर १५ व्होल्ट.

नॅनोव्होल्ट

म्हणजे बरोब्बर ०.१ मिलिअँपिअर. ज्याने ते सर्किट काढलं त्याला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. त्या जागी एचएफई भरपूर असलेला, स्वच्छ बनवलेला कुठलाही छोटा ट्रान्झिस्टर चालेल. बीसी५५०सी चालेल, २एससी२२४० चालेल.

अजून एक आकडा देतो, मग थांबतो. कार्ट्रिजला समांतर जो ४७ किलोओहमचा रोध असतो, तो स्वतःच ०.५९ पिकोअँपिअर करंट नॉइज करतो. तुझ्या ट्रान्झिस्टरचा ०.२८. दोन्ही वर्ग करून मिळवले आणि वर्गमूळ काढलं की ०.६५ येतात. आता ट्रान्झिस्टरच्या जागी करंट नॉइज जवळजवळ शून्य असलेला जेफेट (गेट, सोर्स, ड्रेन अशा पायांचा वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर, २एसके१७० त्यातलाच) घातलास असं समज, तरी ०.५९ राहणारच. फरक एक डेसिबलसुद्धा नाही! तेवढ्यासाठी २एसके१७० च्या मागे धावायचं?

सुरेल धूळ

गणित छान आहे, पण मी एक सांगू? जुन्या ट्रान्झिस्टरचा आवाज भरदार असतो. बीसी१०९सी चा तो धातूचा टोपीवाला अवतार घालून बघा. नवीन प्लास्टिकवाले कोरडे वाजतात. कान खोटं बोलत नाहीत.

डाखवाला

कान खोटं बोलत नाहीत, पण कानाला आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं ना!

बीसी१०९ बद्दल मलाही प्रेम आहे. १०७, १०८, १०९ ही भावंडं. त्यातला १०९ कमी नॉइजचा म्हणून निवडलेला. पुढे टोपी जाऊन प्लास्टिक आलं आणि तीच वंशावळ बीसी५४७, ५४८, ५४९ अशी चालू राहिली. बीसी५५० म्हणजे ५४९ चाच ४५ व्होल्ट सोसणारा भाऊ. टोपीचा एक खरा फायदा आहे, ती आतल्या चकतीला दमट हवेपासून जपते. एक तोटाही आहे, टोपी कलेक्टरला जोडलेली असते. शेजारच्या तारेला टेकली की संपलं.

जुना स्टॉक म्हणजे न वापरलेला, म्हणून नवा, हाही एक गोड गैरसमज. पाय काळे पडायला करंट लागत नाही, हवा पुरते. मी जुन्या स्टॉकचे २एससी४५८ पिशवीतून काढलेत, पिशवीतच काळे.

अर्धवाहक

जुना स्टॉक हा विषय निघालाच आहे तर जर्मेनियमवाल्यांची गोष्ट सांगतो. एएफ११४ ते एएफ११७ हे ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओंत सर्रास असत. त्यांना चार पाय: एमिटर, बेस, कलेक्टर आणि चौथा बाहेरच्या डब्याचा, म्हणजे शील्डचा. डब्याला आतून कथिलाचा मुलामा. त्या मुलाम्यातून वर्षानुवर्षं कथिलाचे केसासारखे बारीक तंतू उगवतात आणि आतल्या तारांना जाऊन भिडतात. ट्रान्झिस्टर डब्यात बंद पडून असला तरी तंतू वाढायचे थांबत नाहीत. रेडिओ मुका. दुरुस्ती अशी की शील्डचा पाय कापायचा. तंतू तसाच राहतो, पण आता तो ग्राउंडला कुणाला नेऊन पोचवत नाही. रेडिओ बोलायला लागतो. चार्ज केलेल्या कपॅसिटरचा झटका देऊन तंतू जाळून टाकणारेही आहेत. ते काही दिवस चालतं, मग नवा तंतू उगवतो.

जुनीखोकी यांची तडतड मात्र वेगळ्या जातीची आहे. तिला बर्स्ट नॉइज म्हणतात, बोलीत पॉपकॉर्न नॉइज. सळसळ म्हणजे असंख्य छोटे धक्के, त्यांचा मिळून एकसंध आवाज. यात मात्र करंट चक्क दोन पातळ्यांमध्ये उड्या मारतो, खालून वर, वरून खाली, मधलं काही नाही. जंक्शनपाशी स्फटिकात दोष किंवा धातूची घाण राहून गेली की हे होतं. ७०९ आणि ७४१ या सुरुवातीच्या ऑप-अँपमध्येही याने लोकांना बेजार केलं होतं. नंतर कारखान्यांतली स्वच्छता सुधारली आणि हा प्रकार खूप कमी झाला. म्हणून या एका बाबतीत तरी आजचा साधासुधा ट्रान्झिस्टर कालच्या नामवंताला भारी पडतो.

जुनीखोकी, स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर तो खराब ट्रान्झिस्टर टाकून देऊ नका. फोनोच्या आउटपुटवर स्कोप लावा, स्वीप संथ ठेवा. पायऱ्या दिसतील.

मिणमिणता दिवा

२एसके१७० वर थोडं लिहायलाच हवं, कारण हा नंबर वाचून लोक नको तिथे तो घालतात.

तोशिबाचा हा जेफेट खरोखर उत्तम आहे. १ किलोहर्ट्झला, १ मिलिअँपिअरवर ०.९५ नॅनोव्होल्ट. पण इनपुट कपॅसिटन्स ३० पिकोफॅरड आणि त्यातले ६ ड्रेनकडून गेटकडे. एका स्टेजचा गेन २० असेल तर हे ६ पिकोफॅरड २१ पट होऊन गेटवर बसतात, म्हणजे १२६. बाकीचे मिळवून दीडशे. कार्ट्रिजला एवढा बोजा आवडत नाही, वरच्या सुरांचा उतार बदलतो. म्हणून त्याच्या डोक्यावर कॅस्कोड (ही कपॅसिटन्सची वाढ रोखणारा दुसरा ट्रान्झिस्टर) लागतो. बायपोलरची जागा रिकामी करून तिथे तो नुसता टोचता येत नाही, बायसच वेगळा.

त्याचं खरं घर मूव्हिंग कॉइलच्या (फारच बारीक सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या जातीच्या कार्ट्रिजच्या) हेड-अँपमध्ये. तिथे कार्ट्रिज १० ओहमचं, त्याचा स्वतःचा नॉइज ०.४ नॅनोव्होल्ट. चार जेफेट समांतर लावले की नॉइज निम्मा होतो. किंवा मग बेसचा रोध अगदी कमी असलेले बायपोलर, उदाहरणार्थ २एसबी७३७. त्याचा तो रोध फक्त २ ओहमच्या आसपास.

आता नकलांबद्दल. के१७० बनायचा थांबला आणि नकली मालाचा पूर आला. दुसराच कुठला तरी जेफेट घासून त्यावर के१७० छापतात. नुसता आयडीएसएस (गेट आणि सोर्स जोडल्यावर वाहणारा करंट) मोजून नक्कल पकडता येत नाही, कारण जीआर, बीएल, व्ही या गटांचा पल्लाच २.६ पासून २० मिलिअँपिअरपर्यंत आहे. काहीतरी त्यात बसतंच. माझी पद्धत अशी. ड्रेनला १० व्होल्ट, गेट आणि सोर्स जोडून ग्राउंडला. करंट आला समजा ८ मिलिअँपिअर. आता सोर्स आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० ओहम घाला, गेट ग्राउंडलाच. अस्सल के१७० दणकन खाली येतो, सव्वादोन-अडीच मिलिअँपिअरच्या आसपास. कारण त्याचा गेन जबर आहे, गेट किंचित मागे गेला तरी तो आखडतो. तोतया पाच-साडेपाचवर निवांत बसून राहतो. दोन मोजमापं, एक रेझिस्टर, तोंडावरचा बुरखा खाली.

अस्सलच हवा असेल तर लिनियर सिस्टिम्सचा एलएसके१७० त्याच घडणीचा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा जेएफई१५० नवा आहे, ०.८ नॅनोव्होल्टचा, पण अंगाने चिमुकला, सरफेस माउंट. जुन्या बोर्डावर बसवायला अडॅप्टरची चकती लागते.

सुईकाटा

ऑडिओवाल्यांचं झालं असेल तर मिलिव्होल्टमीटरकडे वळतो.

जुनीखोकी, काटा थरथरतो तेव्हा इनपुटला काय लावलं होतं? काहीच नसेल तर तो मीटरचा दोष नाही. मोकळं १ मेगाओहमचं इनपुट म्हणजे अँटेनाच. इनपुट शॉर्ट करणारा प्लग लावा, नसेल तर ५० ओहमचा टर्मिनेटर, आणि मग बघा. झाकण लावून बघा. दुरुस्तीच्या बाकावर झाकण काढून लो-नॉइज मोजणारे मी पाहिलेत, त्यात मी स्वतःही आलो.

न सापडणाऱ्या आकड्याचं म्हणाल तर तो बहुधा हाउस नंबर आहे. उपकरण बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बाजारातलेच ट्रान्झिस्टर घेऊन त्यावर स्वतःचा आकडा टाकून घेत. टेक्ट्रॉनिक्सच्या मॅन्युअलात १५१-०१९०-०० दिसला तर घाबरू नका, तो आपला २एन३९०४. १५१-०१८८-०० म्हणजे २एन३९०६. एचपीकडे १८५४ ने सुरू होणारे एनपीएन, १८५३ चे पीएनपी, १८५५ चे फेट. बहुतेकांच्या जुळणीच्या याद्या मिळतात. मात्र काही आकडे 'निवडून घेतलेले' असतात. म्हणजे साध्याच ट्रान्झिस्टरच्या ढिगातून नॉइज किंवा लीकेज मोजून वेगळे काढलेले. अशा जागी यादीतला साधा नंबर घालून काम भागेलच असं नाही. तुम्हालाही ढिगातून निवडावं लागेल. दहा घाला, दहा ऐका.

आणि एक कळकळीचं सांगणं. मोजणीच्या उपकरणात 'जुना जेफेट गेला, चांगला लो-नॉइज घालू' म्हणून के१७० घालू नका. जिथे इनपुट १० मेगाओहमचं किंवा त्याहून जास्त आहे, तिथे नॉइजपेक्षा गेटची गळती महत्त्वाची. के१७० ची गळती १ नॅनोअँपिअरपर्यंत असू शकते. १० मेगाओहमवर १ नॅनोअँपिअर म्हणजे १० मिलिव्होल्टची चूक! २एन४११७ए ची कमाल गळती १ पिकोअँपिअर, हजारपट कमी. त्याचा व्होल्टेज नॉइज के१७० पुढे अगदीच ओबडधोबड, पण त्या जागी तोच शहाणा. स्कोपच्या इनपुटलाही तेच. तिथे ३० पिकोफॅरड नवीन येऊन बसले की अटेन्युएटरची सगळी जुळवणी बिघडते.

जाता जाता, त्या ट्रान्झिस्टरला सॉकेट आहे का? जुन्या उपकरणांत असायचं. असेल तर काही बदलण्याआधी तो नुसता उपटून परत बसवा.

तारेवरची कसरत

नकली मालाच्या परीक्षेवरून माझा एक पराक्रम सांगतो, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही.

२एससी२२४० ची एक पिशवी आली होती, पन्नासची. संशय आला म्हणून प्रत्येकाचा बेस-एमिटर उलटा जोडून ब्रेकडाउन मोजला. सगळ्यांचा आठ व्होल्टच्या आसपास, अगदी एकसारखा. खूश झालो. वहीत लिहून ठेवलं. मग त्यातले चार फोनोला घातले तर जुन्यापेक्षा जास्त सळसळ आणि खालच्या सुरात घुसमटलेली गुरगुर. नकली म्हणून पिशवी बाजूला टाकली. वर्षभराने तळाशी एक ट्रान्झिस्टर सापडला, मोजायचा राहिलेला. तो घातला. शांत! माल अस्सलच होता, मीच मोजून मोजून मारला होता.

अर्धवाहक

अगदी असंच होतं. बेस-एमिटर जंक्शन उलटं फोडलं की पृष्ठभागाजवळ कायमची इजा होते. कमी करंटवरचं एचएफई घसरतं आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज वाढतो. ट्रान्झिस्टर 'मरत' नाही, मल्टिमीटरवर ठीकच दिसतो, आणि तीच फसगत. डेटाशीटवर उलट्या बेस-एमिटरला ५ व्होल्टची मर्यादा लिहिलेली असते ती शोभेला नाही.

हे फक्त बाकावर होतं असंही नाही. इनपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज वीज बंद करताना नाहीतर इनपुट शॉर्ट होताना बेसला खाली खेचतो. प्रत्येक 'धप्प' आवाजागणिक थोडी थोडी इजा. एक साधा १एन४१४८ बेस-एमिटरला उलटा समांतर लावला की विषय मिटतो. एलएम३९४ या जुळ्या ट्रान्झिस्टरच्या आत कंपनीने असे डायोड आधीच घातलेले असत, नेमके याच कारणासाठी.

सुरेल धूळ

तारेवरची कसरत यांच्या गोष्टीने मात्र धडकी भरली. माझ्या टेस्टरवर बीव्हीईबीओ (हाच उलट्या बेस-एमिटरचा ब्रेकडाउन) म्हणून एक बटण आहे आणि मी सगळे बीसी१०९ त्यावरून काढलेत. :(

डाखवाला

भरदार आवाजाचं रहस्य सापडलं म्हणायचं.

सुरेल धूळ

काका, जखमेवर मीठ नको.

जुनीखोकी

सगळ्यांना उत्तरं एकत्र देतो, या आठवड्यात बराच वेळ मिळाला.

फोनोला शेवटी केएससी१८४५ घातले, चारही जागी. कारण अगदी क्षुद्र आहे: पाय. २एससी४५८ सपाट बाजू समोर धरली तर एमिटर, कलेक्टर, बेस असा. केएससी१८४५ पण तसाच, सरळ बसतो. २एससी२२४० सुद्धा बसला असता. बीसी५५०सी कलेक्टर, बेस, एमिटर. तो फिरवला तरी बेस मधेच राहतो, म्हणजे दोन पाय एकमेकांवरून न्यायचे आणि मधे नळी घालायची. एक तसा करून बघितला. नळी घातली नाही, आळस केला. काय झालं ते सांगत नाही.

वीज दिली, फोनोवर नेलं. तडतड गेली. पाच मिनिटं नुसता बसून राहिलो, आत्ता येईल मग येईल म्हणून. नाही आली. मग नॅनोव्होल्ट यांच्या गणिताची परीक्षा घेतली. डावीकडे केएससी१८४५, उजवीकडे तो कसरत केलेला बीसी५५०सी (नळीसकट). इनपुट शॉर्ट करून हेडफोनवर ऐकलं तर दोन्हीकडे सळसळ अगदी बारीक. शॉर्ट काढून कार्ट्रिज जोडलं तर दोन्हीकडे सळसळ वाढली, आणि सारखीच वाढली. मला तरी फरक सांगता आला नाही. म्हणजे जे ऐकू येतंय ते कार्ट्रिज आणि ४७ किलोओहम.

अर्धवाहक यांचा डायोड दोन्ही चॅनेलला लावलाय.

मिलिव्होल्टमीटर: इनपुट खरंच मोकळं होतं. शॉर्ट प्लग लावल्यावर काटा बराच खाली आला, पण शून्यावर नाही. सॉकेट होतं. ट्रान्झिस्टर उपटला, पाय कोऱ्या कागदावर घासले तर कागदावर राखाडी रेघ उमटली. सॉकेटमध्ये क्लीनर सोडून दोन-तीनदा आतबाहेर केला. काटा शून्यावर. तो अनाकलनीय आकडा अजून अनाकलनीयच आहे, पण आता मला त्याच्याशी देणंघेणं नाही.

सुईकाटा

सहा महिन्यांनी परत थरथरला तर सॉकेट काढून ट्रान्झिस्टर थेट सोल्डर करा. जुनं रूप जपण्याचा आग्रह नसेल तर.

मिणमिणता दिवा

पायऱ्या बघितल्या का?

जुनीखोकी

बघितल्या! काळ्या पायाचा पहिला ट्रान्झिस्टर शेवटचा म्हणून एकदा परत बसवला, स्कोपचा स्वीप दर चौकटीला २०० मिलिसेकंदांवर ठेवला. रेघ सरळ जाते, मग एकदम वरच्या मजल्यावर, तिथे थोडी चालते, मग धाडकन खाली. फोनोच्या इक्वलायझेशनमुळे (रेकॉर्डसाठी वरच्या-खालच्या सुरांची केलेली दुरुस्ती) पायरीचे कोपरे जरा गोल होतात आणि वरचा मजला हळूहळू उतरत जातो, पण उडी स्पष्ट दिसते. स्पीकरचा टप् आणि पडद्यावरची पायरी अगदी एकाच क्षणी. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, हा ट्रान्झिस्टर उचकी लागल्यासारखा करतोय.

चारही एका डबीत ठेवलेत, वर 'उचकी' असं लिहून. कोपऱ्यातला श्रोता, तुमच्या रोग्याचे पाय बघितलेत का?

कोपऱ्यातला श्रोता

आत्ताच आरसा घालून बघितले. सहापैकी पाच काळे. सहावा कुणीतरी आधीच बदललेला दिसतोय, उलटा बसवून.